‘दोनच झालेत, चालवतो की!’ : दारू पिऊन गाडी चालवणं थांबतं कशानं?

प्रश्न असा आहे : दारू पिऊन गाडी चालवू नये हे ज्याला त्याला पटलेलं असतं, तरी माणसं चालवतातच. मग शिक्षा आणखी कडक करायची की लोकांची मानसिकता बदलायची?

मी रुग्णालयाच्या अपघात विभागात बरीच वर्षं काम करणारी डॉक्टर आहे. जखमींवर उपचार करणं आणि पोलिसांनी आणलेल्या चालकांना तपासून त्यांच्या रक्ताचा नमुना घेणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे येतात. माझं मत आधीच सांगून टाकते. शिक्षेचे आकडे वाढवून फारसं काही हाती लागत नाही, आणि नुसत्या प्रबोधनानंही लागत नाही. आपण पकडले जाणारच अशी खात्री वाटू लागली की माणसं वागणं बदलतात आणि वागणं बदललं की मागोमाग मतही बदलतं. क्रम हा असा आहे. आपण मात्र तो उलटा धरून बसतो, आधी मनं बदलू, मग रस्ते आपोआप सुधारतील म्हणून.

आता मानसिकतेबद्दल. दारू पिऊन गाडी चालवण्याचं समर्थन करणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. तपासणीला आणलेला चालकसुद्धा ‘असं करणाऱ्यांना सोडू नये’ असंच म्हणतो. फक्त त्या लोकांत तो स्वतःला धरत नाही. त्याच्या डोळ्यांसमोरचा दारुडा चालक म्हणजे झोकांड्या खाणारा, जीभ जड झालेला, किल्ली कुलपात न जाणारा कुणीतरी. आपण तसे नाही हे त्याला दिसत असतं आणि तेवढ्यापुरतं ते खरंही असतं.

तपासणीच्या खोलीत हे फार जवळून दिसतं. आमच्या फॉर्मवर रकाने असतात : श्वासाला वास, डोळ्यांची लाली, बुबुळांची प्रतिक्रिया, बोलणं, चाल, डोळे मिटून बोट नाकाला लावता येतं का. रोज पिणारा माणूस यातलं बरंचसं व्यवस्थित करून दाखवतो. सरळ रेषेत चालतो, वळतो, परत येतो आणि म्हणतो, “बघितलंत ना डॉक्टर? दोनच झाले होते.” मग रक्त घ्यायचं. त्या वेळी त्वचा पुसायला स्पिरिट वापरायचं नसतं, नाहीतर नमुन्यात बाहेरचं अल्कोहोल गेल्याची शंका राहते. नळीही वेगळी, राखाडी बुचाची. तिच्यात सोडियम फ्लोराइड असतं, म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जंतूंमुळे नमुन्यातलं अल्कोहोल वाढत नाही, घटतही नाही. बूच लावायचं, सील करायचं, सही घ्यायची. अहवाल आला की सरळ रेषेत चालून दाखवणाऱ्या त्या माणसाच्या रक्तात मर्यादेच्या कितीतरी पट दारू निघते.

तो खोटं बोलत होता का? बहुतेक वेळा नाही. ‘मी ठीक आहे’ हे त्याला मनापासून वाटत असतं. ही बाब लक्षात घेतल्याशिवाय प्रतिबंधाचा कुठलाही उपाय नीट आखता येत नाही. दारूचा परिणाम पायांवर दिसण्याच्या कितीतरी आधी तो अंदाजावर आणि एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवण्याच्या क्षमतेवर होतो. मोकळ्या रस्त्यावर सरळ गाडी नेणं त्याला जमतं. डावीकडून कुणी अचानक रस्त्यावर येतं आणि त्याच क्षणी समोरच्या गाडीचा लाल दिवा लागतो, तिथे त्याला उशीर होतो. आणि आपल्याला उशीर होतोय हे ज्या मेंदूनं ओळखायचं, तोच मेंदू प्यायलेला असतो.

यात आणखी एक फसगत आहे. १९१९ साली एडवर्ड मेलनबी या ब्रिटिश शास्त्रज्ञानं कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यात दिसलं, की रक्तातलं प्रमाण तेवढंच असलं तरी ते चढत असताना नशा जास्त दिसते, उतरत असताना कमी. पुढे माणसांवर झालेल्या अभ्यासांत याचीच धोक्याची बाजू दिसून आली. प्रमाण उतरणीला लागलं की आपण सावरलो असं वाटू लागतं, पण धोक्याची चूक टाळण्याची क्षमता तेवढ्या वेगानं परत येत नाही. ‘आता उतरली, निघू या’ असं म्हणून लोक निघतात, ती नेमकी हीच वेळ. म्हणून ‘बरं वाटत असेल तरच चालवा’ हा सल्ला मला घातक वाटतो. बरं तर वाटतंच.

धोका किती वाढतो याचे आकडे जुने आणि पक्के आहेत. फुंकर मारून दारू मोजणारं उपकरण १९५४ मध्ये तयार करणारे रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनीच १९६२-६३ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात मोठा अभ्यास केला. अपघात झालेल्या चालकांची तुलना त्याच ठिकाणांहून, तशाच वेळी सुखरूप जाणाऱ्या चालकांशी केली. पुढे लाँग बीच आणि फोर्ट लॉडरडेल या शहरांत हीच पद्धत आणखी काटेकोरपणे वापरली गेली. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असेल तर अपघाताचा धोका न प्यायलेल्याच्या सुमारे १.४ पट, ८० ला सुमारे २.७ पट, १०० ला जवळजवळ पाच पट आणि १५० ला वीस पटींहून जास्त, असं त्यात निघालं. धोका सरळ वाढत नाही, शेवटी शेवटी उसळी मारतो. ‘दोनचे तीन झाले, काय फरक पडतो’ या हिशेबात चूक आहे ती हीच. शिवाय हे आकडे सरासरीचे आहेत. नवशिक्या तरुण चालकाला त्याच प्रमाणाला कितीतरी जास्त धोका असतो, आणि दुचाकीवर तर तोल सांभाळणं हेच अर्धं काम असतं.

दारूचा निचरा होतो तो मुख्यतः यकृतात, आणि यकृत आपल्याच गतीनं काम करतं. साधारण तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम, कुणाचं १०, कुणाचं २०. कडक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, उलटी काढणं, मोकळ्या हवेत फेरी मारणं, यातल्या कशानंही ही गती वाढत नाही. कॉफीनं झोप उडते आणि जागा झालेला प्यायलेला माणूस जास्त आत्मविश्वासानं चाकामागे बसतो. भरल्या पोटी दारू हळू चढते, पण चढते. आता साधा हिशेब करा. रात्री १२ वाजता रक्तात १५० मिलिग्रॅम होतं. सकाळी ७ ला त्यातलं १०५ गेलं, ४५ उरलं. माणूस झोपून उठलेला आहे, दात घासलेले आहेत, इस्त्रीचे कपडे घालून कामावर निघालाय आणि भारतातल्या ३० मिलिग्रॅमच्या कायदेशीर मर्यादेच्या दीडपटीवर आहे. सकाळच्या अपघातांत दारूचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. आमच्या विभागातही तो आवर्जून करावा लागतो.

मर्यादेबद्दलही गैरसमज खूप आहेत. स्वीडनमध्ये ती २० आहे, भारतात ३०, युरोपातल्या बहुतेक देशांत ५०, इंग्लंडमध्ये ८०. अमेरिकेत ८०, पण युटा राज्यात २०१८ अखेरपासून ५०. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकांसाठी ५० आणि तरुण व नवशिक्यांसाठी २० ही कमाल मर्यादा सुचवते. या सगळ्या खटला कुठून चालवायचा याच्या रेषा आहेत. ‘इथपर्यंत प्यायला हरकत नाही’ अशी परवानगी कुठलाच आकडा देत नाही. आणि ग्लास मोजून रक्तातला आकडा सांगणं मलाही जमत नाही. वजन, लिंग, पोटातलं अन्न, पेल्यातली खरी मात्रा, प्यायचा वेग, सगळंच बदलत असतं.

आता कायदा कुठे चालला आणि कुठे फसला ते पाहू. ब्रिटनमध्ये १९६७ पर्यंत चालकाचा गाडीवर ताबा होता की नव्हता हे बऱ्याच अंशी डॉक्टर आणि पोलिसांच्या मतावर ठरायचं. म्हणजे सरळ रेषेत चालून दाखवणारे सुटायचे. त्या वर्षी वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांनी ८० मिलिग्रॅमची मर्यादा आणि रस्त्यावरची श्वासचाचणी आणली. त्या स्वतः गाडी चालवत नव्हत्या. मद्यगृहांच्या मालकांनी आणि चालकांनी त्यांच्यावर भयंकर टीका केली, धमक्याही आल्या. पण सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीच्या आणि शनिवार-रविवारच्या अपघातांत ठळक घट झाली. पुढे काही वर्षांत ती बरीचशी ओसरली, कारण आपल्याला प्रत्यक्षात कुणी अडवत नाही हे लोकांच्या ध्यानात आलं. लॉरेन्स रॉस या समाजशास्त्रज्ञानं याचा बारकाईनं अभ्यास केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकांना शिक्षेच्या आकाराची भीती वाटत नाही, सापडण्याची वाटते.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं उदाहरण आहे. डिसेंबर १९८२ मध्ये तिथे सरसकट श्वासचाचणी सुरू झाली. संशय आला म्हणून नव्हे, त्या जागेवरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून फुंकर मारायला लावायची. नाका ठळक दिसेल असा, जागा बदलत राहणारा आणि वर्षभर चालणारा. प्राणघातक अपघात जवळजवळ एक पंचमांशानं घटले आणि ही घट टिकली. मला याहून महत्त्वाचं वाटतं ते रॉस होमेल या अभ्यासकाचं निरीक्षण. त्याला दिसलं, की नाक्याच्या भीतीनं पिणाऱ्यांना मित्रांच्या आग्रहातून सुटायला एक सबब मिळाली. ‘आज नको रे, गाडी आहे, रस्त्यात पकडतील’ असं म्हणता येऊ लागलं. ‘मला नको’ म्हणायला जे धैर्य लागतं ते ‘पोलीस पकडतील’ म्हणायला लागत नाही. पिण्याच्या बैठकीत माणूस भिडेखातर किती पितो हे ज्यानं पाहिलंय, त्याला या सबबीचं मोल कळेल. लोकांचं मत असं बदलतं. आधी सबब मिळते, मग सवय लागते आणि काही वर्षांनी पिऊन चालवणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघू लागतात.

स्कॉटलंडनं डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा ८० वरून ५० वर आणली. कागदावर चांगला बदल. पण पुढच्या दोन वर्षांच्या अपघातांत त्याचा फरक दिसला नाही, असं ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. रस्त्यावरच्या चाचण्या पुरेशा वाढल्या नव्हत्या हे त्यांनी दिलेलं एक संभाव्य कारण. मलाही तेच पटतं. आकडा बदलला, रस्त्यावरचा अनुभव बदलला नाही.

म्हणून ‘दहा वर्षं सक्तमजुरी करा, मग बघा’ असं कुणी म्हणालं की मला त्यामागचा संताप कळतो, पण उपाय पटत नाही. शिक्षा फार मोठी आणि सापडण्याची शक्यता फार लहान असली की पळून जाण्याचा, नमुना उशिरा देण्याचा, चाकामागे दुसराच कुणी होता असं दाखवण्याचा मोह वाढतो. आणि यात वेळ फार मोलाचा असतो. तीन तास उशिरा घेतलेल्या रक्तात सुमारे ४५ मिलिग्रॅम कमी सापडतं, तेवढ्यावर खटला फिरतो. जिथे अपघातानंतर नमुना घेतलाच जात नाही, तिथे कागदावर दारू नसतेच. ‘भरधाव वेग’ एवढंच कारण नोंदलं जातं, मग आकडेवारी पाहून लोक म्हणतात की आपल्याकडे हा प्रश्न फारसा नाहीच. प्रत्येक गंभीर अपघातात प्रत्येक चालकाची तातडीनं चाचणी झाली पाहिजे, चूक कुणाचीही असो. माझी यंत्रणेकडे एकच मागणी मान्य होणार असेल तर मी ही मागेन.

लहान पण लगेच होणाऱ्या शिक्षेचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात २००५ मध्ये सुरू झालं. पिऊन चालवताना वारंवार सापडलेल्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ श्वासचाचणी द्यायची, फुंकरीत दारू निघाली की तिथूनच एक-दोन दिवस कोठडी. वाद नाही, तारखा नाहीत. यात बहुसंख्य चाचण्या दारूविना पार पडल्या आणि पुन्हा पिऊन चालवताना पकडले जाण्याचं प्रमाणही घटलं. जपाननं वेगळी वाट धरली. २००६ मध्ये फुकुओकात प्यायलेल्या चालकाच्या धडकेत एका कुटुंबातली तीन मुलं गेली, देश हादरला. २००७ च्या दुरुस्तीनं चालकाबरोबरच त्याला जाणूनबुजून गाडी देणारा, दारू देणारा आणि ‘मला सोड’ म्हणून शेजारी बसणारा, हे सगळे गुन्हेगार ठरू लागले. मला हे तर्काला धरून वाटतं. अपघाताआधीच्या तासाभरात त्या माणसाच्या आसपास शुद्धीवर असलेली कुणीतरी व्यक्ती बहुतेक वेळा असतेच.

भीतीदायक चित्रांच्या जाहिराती, चेंदामेंदा झालेल्या गाड्या, शाळा-महाविद्यालयांतली व्याख्यानं यांचा एकट्यानं फारसा उपयोग होत नाही. मी स्वतः अशी व्याख्यानं देते. ऐकताना मुलं गंभीर होतात, पण त्या गंभीरपणाचा पुढच्या शनिवारी रात्री अकराच्या निर्णयाशी संबंध जोडून द्यावा लागतो. म्हणून मी आता जखमांचे फोटो दाखवत नाही. परत कसं जायचं ते निघण्यापूर्वी कसं ठरवायचं, एवढंच त्यांच्याकडून बोलून घेते.

पहिल्या घोटाआधी निर्णय घ्यायचा, कारण त्यानंतर तो घेणारी व्यक्ती बदललेली असते. गाडी घरीच ठेवून जा. न्यायचीच असेल तर परत कोण चालवणार ते नावानिशी ठरवा, आणि त्यानं एक थेंबही घ्यायचा नाही. ही कल्पना स्कँडिनेव्हियातून आली आणि १९८८ मध्ये हार्वर्डच्या एका मोहिमेनं ती टीव्ही मालिकांच्या संवादांत घालून अमेरिकेत घरोघरी पोचवली. पण प्रत्यक्षात काय होतं? रात्री निघताना ‘आपल्यात कमी कोण प्यायलंय’ असं विचारून चालक निवडला जातो. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी मद्यगृहांतून बाहेर पडणाऱ्या अशा ‘ठरवलेल्या’ चालकांची चाचणी घेतली, तर त्यातले एक तृतीयांशाहून जास्त प्यायलेले निघाले.

मित्राला थांबवायचं असेल तर तो प्यायलाय की नाही यावर वाद घालू नका. तो वाद तुम्ही हरणारच, कारण त्याला खरंच ठीक वाटत असतं. चारचौघांत बोलू नका, अपमान झाला की तो हट्टाला पेटेल. बाजूला घ्या, आवाज खाली ठेवा, आणि ‘तू चालवू नकोस’ याऐवजी ‘गाडी बोलावली आहे, दोघं एकत्र जाऊ’ असं तयार झालेलं काहीतरी पुढे करा. नकार देण्यापेक्षा तयार सोयीला हो म्हणणं त्याला सोपं जातं. किल्ली सुरुवातीलाच कुणाकडे तरी देऊन ठेवायची पद्धत मित्रमंडळींत पडली तर ही वेळच येत नाही.

एकदा पकडला गेल्यावर पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना दारूचं व्यसन असतं, आणि दंड किंवा परवाना निलंबनानं व्यसन सुटत नाही. परवाना नसताना चालवणारे मी खूप पाहिलेत. गाडीत बसवायची श्वास-कुलपं, म्हणजे फुंकर मारल्याशिवाय आणि ती स्वच्छ निघाल्याशिवाय इंजिन सुरूच न होणारी यंत्रणा, बसवलेली असेपर्यंत पुन्हा गुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशानं खाली आणतात. काढली की ते पुन्हा वर जातं. म्हणून कुलूप आणि उपचार बरोबरच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी कुठलाही डॉक्टर काही मिनिटांत घेऊ शकतो. अपघातानंतर माणूस खाटेवर असताना, शुद्धीवर आल्यावर, न ओरडता केलेलं अर्ध्या तासाचं बोलणं पुढचं पिणं कमी करतं हे अभ्यासांत दिसलंय आणि माझ्या अनुभवालाही ते धरून आहे. घरच्यांनी त्या दिवसांत लाजेनं गोष्ट दडपू नये. ‘चक्कर आली म्हणून पडला’ असं आम्हाला सांगितलंत, तर आमच्याकडची ती संधी जाते. शिवाय भूल आणि औषधं ठरवतानाही दारू घेतली होती हे माहीत असावं लागतं.

आणि चालक प्यायलाय हे तुम्हाला गाडीत बसल्यावर कळलं, तर स्टिअरिंगला हात घालू नका, चालत्या गाडीत भांडूही नका. उलटी होतेय असं सांगा. गाडीत उलटी नको म्हणून प्यायलेला माणूसही लगेच गाडी बाजूला घेतो. उतरा, मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी उतरवा, रस्त्यापासून लांब उभे राहा. तो एकटा पुढे निघून गेला तर गाडीचा नंबर आणि दिशा पोलिसांना कळवा. नातेवाईक असला, वडील असले, तरी कळवा.